दान, कर्ज आणि हक्क : दलित संस्थांच्या पैशाचा इतिहास

परभणी जिल्ह्यात गेली काही वर्षे कार्यकर्त्यांच्या बैठकींत एक प्रश्न हटकून निघतो. वस्तीत अभ्यासिका चालते, विहारात वाचनालय आहे, तालुक्याला शिकायला येणाऱ्या मुलींसाठी चार खोल्या भाड्याने घ्यायच्या आहेत. यासाठी पैसा कोठून आणायचा? कोणीतरी सांगतो की मुंबईच्या अमुक फाउंडेशनकडे अर्ज करा, त्यांच्याकडे पैसा पडून आहे. लगेच दुसरा उठतो आणि विचारतो, भांडवलदारांच्या दारात आपण झोळी घेऊन उभे राहायचे काय? मग दोन तट पडतात. विशेष असे की दोन्ही तट बाबासाहेबांचेच नाव घेतात. एक म्हणतो, बाबासाहेबांनी स्वावलंबन शिकवले. दुसरा म्हणतो, बाबासाहेबांनीही बडोद्याचे आणि कोल्हापूरचे पैसे घेतले होते. रात्री अकरा वाजता बैठक संपते, निर्णय होत नाही, आणि अभ्यासिकेचे वीजबिल तसेच थकलेले राहते.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. जिल्ह्यातल्या काही लहान संस्थांचे अर्ज लिहून देण्याचे कामही मी अनेक वर्षे करतो. त्यामुळे या वादाकडे मला दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. माझे म्हणणे असे की हा वाद भावनेवर सुटणार नाही. आपल्या आधीच्या लोकांनी पैसा कोणाकडे मागितला, कोणत्या शब्दांत मागितला, कोणती अट मान्य केली आणि कोणती झिडकारली, हे नीट तपासले पाहिजे. हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. चळवळीचा इतिहास आपण परिषदा, ठराव आणि सत्याग्रह यांचा म्हणून सांगतो. पण परिषदेच्या मंडपाला पैसा लागला, वृत्तपत्राच्या कागदाला लागला, वसतिगृहातल्या पिठालाही लागला. तो कोठून आला?

सुरुवात महात्मा फुल्यांपासून करावी लागेल. पेशवाईत दरवर्षी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अमलात त्या पैशाला कात्री लागली आणि त्यातला काही भाग मराठी ग्रंथांना व शिक्षणाला द्यावा, अशी मागणी सुधारकांनी केली. या झगड्यात जोतीराव सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे जोतीरावांच्या शाळांना याच दक्षिणा निधीतून मासिक साहाय्य मिळू लागले. ज्या पैशाने एकेकाळी एका जातीची विद्या पोसली, त्यातून मुलींच्या शिक्षणाला हातभार लागला! जोतीरावांनी तो पैसा भीक म्हणून घेतला नाही. हा पैसा रयतेच्या घामातून आला आहे आणि तो रयतेच्या लेकरांच्या शिक्षणाला लागला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनातही त्यांनी हाच मुद्दा धरला. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात, असे त्यांनी स्पष्ट मांडले.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. फुल्यांच्या शाळांना काही युरोपियन लोकांच्या देणग्या मिळत. १८५७ च्या उठावानंतर त्या आटल्या आणि शाळा अडचणीत आल्या. शाळांत काही बिघडले नव्हते, शिक्षकांचे काही चुकले नव्हते. देणाऱ्याचे मन बदलले एवढेच. देणगीवर उभ्या असलेल्या संस्थेचे हे पहिले दुखणे आपल्याला तेथेच दिसते.

दुसरा टप्पा विठ्ठल रामजी शिंदे यांचा. १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. सर नारायण चंदावरकर त्याचे अध्यक्ष होते. मिशनच्या शाळा, वसतिगृहे, उद्योगशाळा या सर्वांसाठी शिंदे दारोदार फिरले. संस्थानिक, पारशी दानशूर, न्यास, कोणालाच त्यांनी सोडले नाही. पुण्याचा अहिल्याश्रम होळकरांच्या देणगीची साक्ष देत उभा राहिला. शिंद्यांची तळमळ खरी होती, याविषयी मला शंका नाही. त्यांनी आपले घरदार या कामात ओतले. परंतु मिशनची रचना अशी होती की पैसा वरचे लोक देणार, कारभार वरचे लोक पाहणार आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे ते वर्गात बाकावर बसणार. अस्पृश्य समाजातली पहिली शिकलेली पिढी तयार झाली, तेव्हा तिने सहज विचारले : कारभार आमच्या हाती का नाही? हा प्रश्न कृतघ्नपणाचा नव्हता. शिक्षण दिल्यावर माणूस हा प्रश्न विचारणारच. तो विचारत नसेल तर शिक्षणातच काही खोट आहे असे समजावे.

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ती महिना साडेअकरा पौंड होती आणि तीन वर्षांसाठी होती. तिच्यासोबत करारही होता : शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी लागेल. म्हणजे ज्या शिष्यवृत्तीचा उल्लेख आपण केवळ औदार्याचे उदाहरण म्हणून करतो, तिलाही कलमे होती. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ते बडोद्यास रुजू झाले. पुढे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. कचेरीत शिपाई लांबून कागद फेकीत, राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. महाराजांची शिष्यवृत्ती अस्पृश्य तरुणाला कोलंबिया विद्यापीठात पोचवू शकली, पण बडोद्याच्या कचेरीतला पाण्याचा माठ त्याच्यासाठी खुला करू शकली नाही. देणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी समाजाची घडी तेवढ्याने मोडत नाही.

१९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने. त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. या वेळी आधार कशाचा होता? सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा, नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांची मदत. मला यात एक शिस्त दिसते. पहिल्या वेळी सारा भार एका दात्यावर होता आणि दात्याच्या मुदतीबरोबर अभ्यास तुटला. दुसऱ्या वेळी स्वतःची कमाई, मित्राचे कर्ज आणि हितचिंतकाची मदत अशा तीन पायांवर त्यांनी अभ्यास उभा केला आणि तो पुराही केला.

बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये स्थापन झाली. ४ जानेवारी १९२५ रोजी तिने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. त्याला सोलापूर नगरपालिकेने महिना चाळीस रुपयांचे अनुदान दिले. रक्कम लहान होती. पण ती कोणा शेटजीची कृपा नव्हती. आपला समाजही त्या नगरपालिकेत कर भरतो आणि त्या कराचा काही वाटा आपल्या मुलांच्या भाकरीला यावा, हा त्यामागचा न्याय होता. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाला. हे पत्र बाबासाहेब जवळजवळ एकट्याच्या लेखणीने भरून काढीत. निधीसाठी त्यांनी आपल्याच समाजाला हाक दिली. त्या पत्रातल्या एका लेखाचे शीर्षकच असे आहे : ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ शब्द पाहा. त्यांनी ‘दान’ म्हटले नाही, ‘ऋण’ म्हटले. जो तुमच्यासाठी राबतो त्याचे तुम्ही देणे लागता, ही भाषा होती. आणि तरीही हे नमूद केले पाहिजे की १९२९ मध्ये ते पत्र बंद पडले. समाज दरिद्री होता, वर्गणी पुरी पडेना. ‘आपल्या वर्गणीवरच सारे चालवू’ असे छाती ठोकून सांगणाऱ्या आपल्या मित्रांनी या अनुभवाकडेही पाहावे.

या साऱ्या इतिहासातला कळीचा प्रसंग १९३२ चा आहे. पुणे करारानंतर ३० सप्टेंबर १९३२ रोजी मुंबईत सभा झाली आणि अस्पृश्यतानिवारणासाठी अखिल भारतीय संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर. देशातले मोठे उद्योगपती आणि व्यापारी या कामाला पैसा देऊ लागले. सुरुवातीला बाबासाहेबही तिच्या मंडळावर होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून त्यांनी नोव्हेंबरात ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. ते पत्र आजही प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. दहावीस मुलांना शिष्यवृत्त्या देऊन आणि चार विहिरी खोदून हा प्रश्न सुटणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. माणूस वाईट परिस्थितीमुळे खाली राहिला असेल, तर काम परिस्थितीवर झाले पाहिजे. सार्वजनिक विहिरी, शाळा, चावडी येथे हक्क बजावण्याची मोहीम काढा. गिरण्यांत आणि व्यापारात समान संधी मिळवून द्या. घराघरांत सामाजिक मिसळ घडवून आणा. आणि या कामासाठी कार्यकर्ते घ्याल ते अस्पृश्यांतून घ्या, कारण ज्याला आपल्या माणसांची माया आहे तोच हे काम पोटतिडकीने करील.

या पत्राची संघाने दखल घेतली नाही. संघाने शाळा, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांचा मार्ग धरला. बाबासाहेब त्यातून दूर झाले. पुढे अस्पृश्य प्रतिनिधींनी संघाच्या कारभारात जागा मागितली तेव्हा गांधीजींचे उत्तर असे होते की हे सवर्ण हिंदूंचे प्रायश्चित्त आहे, ते ऋणको आहेत, तेव्हा निधीचा कारभार त्यांनीच पाहावा. ऋणको-धनको हे रूपक आपल्याला ओळखीचे आहे. पण येथे त्याचा अर्थ उलटा झाला. ‘बहिष्कृत भारता’त ऋण म्हणजे मागणाऱ्याचा हक्क होता. येथे ऋणकोच ठरवणार की कर्ज किती, ते केव्हा फेडायचे आणि कोणाच्या हाती द्यायचे! धनकोने फक्त हात पसरून उभे राहायचे. १९४५ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या संघाची जी झडती घेतली, तिचा गाभा हाच आहे. पैसा बिर्लांचा होता ही त्यांची मुख्य तक्रार नव्हती. या पैशाने अस्पृश्यांची स्वतंत्र शक्ती उभी राहत नाही, उलट कृतज्ञतेचे ओझे लादून ती शक्ती मारली जाते, ही तक्रार होती.

आता आपल्या मुलखाकडे वळतो. परभणी जिल्हा तेव्हा निझामाच्या राज्यात होता. शाळा कमी होत्या, शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, उस्मानिया हे राज्यातले एकमेव विद्यापीठ हैदराबादेत होते. गावकुसाबाहेरच्या पोराने तेथवर जाणे म्हणजे चंद्रावर जाण्यासारखे. अशा राज्यात निझामी राजवटीच्या शेवटच्या दिवसांत दलितांच्या उत्थानासाठी एक कोटी रुपयांचा निधी ठेवला गेला. बी. एस. व्यंकटराव हे दलित पुढारी तेव्हा निझामाच्या मंत्रिमंडळात होते. हा निधी शुद्ध करुणेतून आला असे मानण्याइतके आपण भोळे नाही. राज्य डळमळत होते. रझाकारांचा जोर होता. दलितांनी आपल्या बाजूने राहावे अशी दरबाराची इच्छा होती. बाबासाहेबांना हे दिसत होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी पत्रक काढून हैदराबादच्या दलितांना बजावले की निझामाची बाजू घेऊ नका.

आणि तरीही सप्टेंबर १९४८ मध्ये निझामी राजवट संपल्यावर याच निधीतून पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादच्या महाविद्यालयासाठी कर्ज घेतले. या गोष्टीवर थोडे थांबले पाहिजे. पैसा निझामाच्या खजिन्यातला, पण तो तिथल्या रयतेने भरलेला, आणि त्या रयतेत आपले महार, मांग, चांभार बापजादेही होते. निष्ठा विकत घेण्यासाठी ठेवलेला पैसा बाबासाहेबांनी निष्ठा न विकता घेतला. तोही कर्ज म्हणून घेतला, म्हणजे परत करण्याच्या जबाबदारीसह. जून १९५० मध्ये महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे त्याचे नाव मिलिंद महाविद्यालय झाले.

परभणीच्या दृष्टीने मिलिंद म्हणजे काय होते हे आकड्यांत सांगता येणार नाही. काचीगुडा-मनमाड ही मीटरगेज गाडी पूर्णा, परभणी, सेलू करीत औरंगाबादला जाई. पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि भाकरीचे फडके घेऊन आमच्या जिल्ह्यातली पोरे त्या गाडीत बसली. नागसेनवनात त्यांना वसतिगृह मिळाले, ग्रंथालय मिळाले, म. भि. चिटणीस यांच्यासारखे प्राचार्य मिळाले. त्यांतले कोणी शिक्षक होऊन जिंतूर-गंगाखेडला परतले, कोणी वकील झाले, कोणी कवी. दलित साहित्याची मुळे शोधायला निघालेला माणूस नागसेनवनात पोचल्याशिवाय राहत नाही. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडाभर दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, परभणी-नांदेडच्या गावांनी तो जाळ सोसला, तेव्हा निवेदने लिहिणारे, कोर्टात उभे राहणारे, छावण्यांत धान्य वाटणारे हात पुष्कळसे याच पिढीचे होते. ठराव २७ जुलै १९७८ चा, प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधली सोळा वर्षे हा लढा कोणत्या फाउंडेशनच्या अनुदानावर चालला नाही. तो आपल्या लोकांच्या वर्गणीवर, पगारातल्या पैशावर आणि प्राणांवर चालला.

बाबासाहेबांच्या व्यवहारात आणखी एक धागा आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात असताना १९४२ मध्ये त्यांनी सरकारला निवेदन दिले. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना सरकार वर्षाला प्रत्येकी तीन लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाला का नाही, असा त्यांचा सवाल होता. त्यातून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आज महाविद्यालयात जाणाऱ्या पात्र दलित विद्यार्थ्याला जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते तिचा उगम तेथे आहे. ती मिळायला उशीर झाला तर विद्यार्थी तहसीलवर आणि समाजकल्याण कार्यालयावर मोर्चा नेऊ शकतो. फाउंडेशनची शिष्यवृत्ती बंद झाली तर मोर्चा कोठे नेणार? दान आणि हक्क यांतला फरक सामान्य माणसाला या एका प्रश्नाने कळतो.

शेवटचे उदाहरण १९५६ चे आहे आणि ते मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ लिहून झाला होता. शरीर थकले होते. छपाईचा खर्च वीस हजारांच्या घरात होता आणि तेवढे पैसे भारताच्या माजी कायदामंत्र्याकडे नव्हते. मार्चमध्ये त्यांनी मिनू मसानी यांच्यामार्फत टाटांच्या न्यासाकडे साहाय्य मागितले. टाटांकडून तीन हजार रुपये आले. सप्टेंबरमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिले की बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त सरकारने पाचशे प्रती विकत घ्याव्यात आणि ग्रंथालयांना व विद्वानांना वाटाव्यात. नेहरूंनी उत्तर दिले की त्यासाठीची रक्कम संपली आहे. पत्र त्यांनी जयंती समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवले. तेथूनही काही झाले नाही. महिन्याभराने नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि ग्रंथ १९५७ मध्ये त्यांच्या पश्चात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडून प्रसिद्ध झाला.

या प्रसंगात लाजिरवाणे काही असेल तर ते मागणाऱ्याकडे नाही. त्यांनी कसे मागितले ते पाहा. सरकारला त्यांनी ‘मला मदत करा’ असे म्हटले नाही, ‘पुस्तक विकत घ्या’ असे म्हटले. न्यासाकडे मागितले तेव्हा ग्रंथातले एक वाक्यही कोणाला विचारून बदलले नाही. वर्णव्यवस्थेविषयी जे लिहायचे होते ते तसेच राहिले.

एवढा इतिहास मांडल्यावर दोन्ही तटांना मला काही सांगायचे आहे. बाहेरचा पैसा घेणे म्हणजेच गुलामी, असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांचा आधार नाही. त्यांनी संस्थानिकाकडून घेतले, नगरपालिकेकडून घेतले, निझामाच्या निधीतून घेतले, टाटांकडूनही घेतले. दुसरीकडे, मिळेल तेथून मिळेल त्या अटीवर घ्यावे, असे म्हणणाऱ्यांनाही त्यांचा आधार नाही. कारण १९३२ मध्ये, देशातल्या सर्वांत श्रीमंत लोकांचा पैसा समोर असताना, त्यांनी त्याकडे पाठ फिरवली. पैसा कोणाचा, या प्रश्नाइतकाच त्यांना दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटला : तो खर्च करण्याचा निर्णय कोणाचा? त्याच कसोटीवर आजचे चित्र तपासले पाहिजे.

आज दानाला कायद्याचे रूप आले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. अनेक कंपन्यांनी त्यासाठी स्वतःची फाउंडेशने काढली. कायद्यात असेही आहे की कंपनीने आपल्या कारभाराच्या आसपासच्या प्रदेशाला प्राधान्य द्यावे. येथेच परभणीसारखा जिल्हा मार खातो. आमच्याकडे कापूस, सोयाबीन आणि ऊस पिकतो. कारखाने मुंबई, ठाणे, पुण्याला. आमच्या सोनपेठ-पालमचा शेतमजूर त्या कारखान्यांचा माल विकत घेतो, त्याची पोरे तेथे बांधकामावर राबतात, पण नफ्यातले दोन टक्के मात्र कारखान्याच्या कुंपणाभोवती फिरतात. हा अनुशेषच आहे, पण कोणत्याही समितीने तो मोजलेला नाही. परदेशी निधीचा मार्ग तर लहान संस्थांना जवळजवळ बंद आहे. १९७६ मध्ये, आणीबाणीत, पहिला कायदा आला, २०१० मध्ये नवा आला, २०२० च्या दुरुस्तीने तो आणखी आवळला. मोठ्या संस्थेने परदेशी निधी घेऊन खेड्यातल्या लहान संस्थेला वाटून देण्याची सोयही त्या दुरुस्तीने संपली.

मग उरतो अर्जाचा मार्ग. अर्जासाठी काय लागते? धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल, आयकर खात्याची प्रमाणपत्रे. २०२१ पासून कंपन्यांचा निधी हवा असेल तर आणखी एक नोंदणी. आमच्या कित्येक संस्था यातल्या पहिल्याच पायरीवर अडतात. संस्थापक वारलेले असतात, नवे विश्वस्त काम पाहतात, पण बदल अर्ज मंजूर झालेला नसतो. कागदावर कारभार मेलेल्या माणसांच्या नावे चालतो! खात्यावर सही कोणाची, हा वाद निघतो. हे काम रुक्ष आहे, पण मी तरुण कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो की घटना समिती कळायची असेल तर आधी आपल्या संस्थेची घटना वाचा. हिशेबाची वही स्वच्छ ठेवणे हेही चळवळीचेच काम आहे. ज्याचा हिशेब स्वच्छ आहे तोच दात्याला ‘नाही’ म्हणू शकतो.

त्याच्या पुढची अडचण भाषेची आहे. काही वर्षांपूर्वी मुलींच्या एका अभ्यासिकेसाठी मी अर्ज लिहून दिला. या मुली मातंग आणि बौद्ध वस्तीतल्या आहेत, गावातल्या सार्वजनिक जागेत त्यांना बसू दिले जात नाही, म्हणून स्वतंत्र अभ्यासिका हवी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. त्या फाउंडेशनचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तिकडून सूचना आली की जातीचा उल्लेख काढून ‘वंचित घटकांतील गरजू मुली’ असे लिहा. शिवाय मुलींची छायाचित्रे पाठवा, आधीची आणि नंतरची. संस्थेच्या बाईंनी विचारले, सर, आधीची म्हणजे कशी? फाटक्या कपड्यांतली? आम्ही उत्तर पाठवले की जातीचा उल्लेख काढता येणार नाही, कारण अडचण गरिबीची तेवढी नाही, जागेवर बसू न देण्याची आहे. छायाचित्रे मिळणार नाहीत, हजेरीपट आणि निकाल मिळतील. तो अर्ज नामंजूर झाला. अभ्यासिका वस्तीतल्या तीन नोकरदारांच्या मासिक वर्गणीवर सुरू झाली. दिवे कमी आहेत, पण पाटीवरचे नाव मुलींनी निवडलेले आहे.

हे प्रकरण मी तक्रार म्हणून सांगत नाही. ‘वंचित’ हा शब्द अन्यायाचा कर्ता लपवतो, हे मला दाखवायचे आहे. वंचित कोणी केले? या प्रश्नाला अर्जाच्या चौकटीत जागा नसते. १९३२ च्या पत्रातला वाद तोच होता. विहीर खोदून देणारे पुष्कळ मिळतात. सार्वजनिक विहिरीवर हक्काने पाणी भरायला सोबत येणारे थोडे. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास गटांना भोगाव्या लागणाऱ्या विषमता कमी करणे हे उद्दिष्ट लिहिलेले आहे. म्हणजे मागण्याला कायद्याचा आधार आहे. तेव्हा आपण आपली भाषा सोडण्याचे कारण नाही. अर्जात ते परिशिष्ट दाखवावे आणि विषमतेचे नाव जात असे आहे, हे लिहावे.

मला असे वाटते की कोणत्याही संस्थेने अर्ज करण्यापूर्वी चार गोष्टी बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहाव्यात. पहिली, हा पैसा उद्या बंद झाला तर काय चालू राहील? निदान भाडे आणि वीज वर्गणीतून भागली पाहिजे. फुल्यांच्या शाळांवर जी वेळ आली ती आपल्यावर आणू नये. दुसरी, सारी मदत एकाच दात्याकडून घेऊ नये. तिसरी, खर्चाचा आणि माणसे नेमण्याचा निर्णय वस्तीतल्या लोकांचा असावा, त्यांत निम्म्या बाया असाव्यात. चौथी, जे काम शासनाने करायचे आहे, जसे की शिष्यवृत्ती, वसतिगृह, अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी, त्यासाठीचा लढा देणगी मिळाली म्हणून सोडू नये. फाउंडेशनने वसतिगृह दिले म्हणून समाजकल्याणच्या वसतिगृहाची मागणी मागे घेतली, तर आपण एका हक्काच्या बदल्यात एक उपकार घेतला असा त्याचा अर्थ होतो.

कोणी म्हणेल, एवढ्या अटी घालून पैसा कोण देणार? काही देतील, काही देणार नाहीत. टाटांनी तीन हजार दिले, सरकारने पाचशे प्रती घेतल्या नाहीत, तरी ग्रंथ निघाला. आज तो परभणी जिल्ह्यातल्या विहाराविहारांत आहे, घराघरांत आहे, आणि तो विकत घेणारा माणूस त्याची किंमत आपल्या मजुरीतून मोजतो. वीस हजारांसाठी ज्या ग्रंथाची छपाई अडली होती, त्याचा खर्च आज वाचकच भागवतात. आपल्या संस्थांचे शेवटी असेच झाले पाहिजे. बाहेरचा पैसा घ्यायचा असेल तर या उद्दिष्टाकडे जाण्यापुरता, मुदतीचा आणि हिशेबाचा घ्यावा. अर्ज जरूर करावा, पण तो लिहिताना आपण कोणाचे काही देणे लागतो यापेक्षा समाज आपले किती देणे लागतो, हे पहिल्या परिच्छेदात लिहावे.